अल्पभूधारकाचे कर्ज : व्याजाचा दर आणि पेरणीची वेळ

शेतीला लागणारा पैसा आणि शेतीतून येणारा पैसा यांच्यामध्ये पाच-सहा महिन्यांचे अंतर असते. मृगाचा पाऊस पडून जमिनीत वाफसा आला की आठ-दहा दिवसांत बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च करावाच लागतो. कपाशीची पहिली वेचणी मात्र दिवाळीच्या सुमारास होते. मोठा बागायतदार हे अंतर आपल्या शिलकीतून भरून काढतो. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याजवळ शिल्लक नसते, म्हणून त्याला कर्ज काढावे लागते. हे कर्ज कोठून मिळते, केव्हा मिळते आणि कोणत्या हप्त्यांनी फेडावे लागते, यावर त्याच्या वर्षभराच्या शेतीचा नफा-तोटा आणि पुष्कळदा जमिनीची मालकीही अवलंबून असते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. पैठणचा जायकवाडी जलाशय याच जिल्ह्यात असला, तरी जिल्ह्याच्या मोठ्या भागाला त्याचे कालवे पोहोचत नाहीत. वैजापूर, गंगापूर, कन्नड, फुलंब्री, सिल्लोड या तालुक्यांतील कापूस, मका, बाजरी आणि तूर ही पिके बव्हंशी पावसाच्या भरवशावर घेतली जातात. त्यातच धारणक्षेत्र सतत घटत आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर जमीन असणारा तो अल्पभूधारक, अशी शासकीय व्याख्या आहे. राज्यातील बहुसंख्य खातेदार आज या दोन वर्गांत मोडतात.

पूर्वपीठिका

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले. हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखला जातो. त्याच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा झाला. केवळ अंगठा उठवलेल्या खतावर विसंबून न राहता मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार त्यामुळे न्यायालयांना मिळाला. पुढे १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी सरकारी तगाईची व्यवस्था झाली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

मराठवाडा मात्र त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश मुलखातील हे कायदे येथे लागू नव्हते. सहकारी चळवळीची मुळे पश्चिम महाराष्ट्रात रुजत असताना मराठवाड्यातील शेतकरी दीर्घकाळ सवाई-दिडीच्या व्यवहारातच राहिला. पेरणीला एक मण धान्य उसने घ्यावे आणि सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करावे, अशी ही रीत होती. सहा महिन्यांत दीडपट म्हणजे वर्षाला शेकडा शंभर व्याज होते, याची जाणीव देणाऱ्याला असे. घेणाऱ्याला पेरणीपुढे दुसरा विचार करण्यास सवड नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतरच या भागात सहकारी पतपुरवठ्याचा विस्तार होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतरचे देशाचे एकूण चित्रही फारसे निराळे नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळून आले की, शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज व्यावसायिक व शेतकरी सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, शासनाचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी होता.

संस्थांचे जाळे

पुढील काळात संस्थांचे जाळे नेटाने विणण्यात आले. गावात विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, जिल्ह्याला मध्यवर्ती सहकारी बँक आणि राज्याला महाराष्ट्र राज्य सहकारी बँक अशी तीन पायऱ्यांची रचना उभी राहिली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व त्याच वर्षाअखेर अग्रणी बँक योजना सुरू झाली. या जिल्ह्याची जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. १९७५ मध्ये ग्रामीण बँकांचा वटहुकूम निघाला. १९७६ मध्ये मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. त्यानंतर औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक आली. विलीनीकरणाच्या अनेक टप्प्यांनंतर १ मे २०२५ पासून संपूर्ण राज्यासाठी एकच 'महाराष्ट्र ग्रामीण बँक' असून तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. १२ जुलै १९८२ रोजी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजेच नाबार्ड, अस्तित्वात आली.

या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबांच्या थकीत व चालू कर्जापैकी ६९.६ टक्के कर्ज बँका, सहकारी संस्था आदी संस्थात्मक मार्गांनी आलेले होते. व्यावसायिक सावकारांचा वाटा २०.५ टक्के होता. सत्तर वर्षांतील हा बदल लहान नाही.

परंतु ही सरासरी आहे आणि सरासरीत लहान माणूस दिसेनासा होतो. २०१२-१३ च्या अशाच पाहणीत दहा हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्या कुटुंबांच्या कर्जापैकी सुमारे ७९ टक्के कर्ज संस्थात्मक होते; जमीन जवळजवळ नसलेल्या सर्वांत खालच्या गटात हे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते. ज्याची गरज थोडी, त्याच्यापर्यंत संस्था पोहोचण्याचा खर्च प्रमाणाने अधिक, हे यामागील एक कारण होय. वीस हजारांच्या प्रकरणाला बँकेला जेवढे कागद तपासावे लागतात, जवळपास तेवढेच दोन लाखांच्या प्रकरणालाही लागतात.

स्वस्त कर्ज आणि त्याची वाट

दराचा विचार केल्यास आजचे पीककर्ज इतिहासातील सर्वांत स्वस्त कर्ज आहे. तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाला केंद्र शासनाच्या व्याजसवलतीमुळे वार्षिक ७ टक्के दर लागतो. मुदतीत परतफेड करणाऱ्यास आणखी ३ टक्के सूट मिळून तो ४ टक्के होतो. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड दिल्यावर विहित मुदतीत फेड करणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज प्रत्यक्षात बिनव्याजी पडते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. १९९८ मध्ये सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड पाच वर्षांसाठी असते. पिकाच्या ठरवून दिलेल्या एकरी दराखेरीज काढणीनंतरच्या व घरखर्चाच्या गरजेसाठी १० टक्के आणि शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के रक्कम तीत धरण्याची तरतूद आहे.

असे असूनही लहान शेतकरी सावकाराच्या दारी जातो, याचे उत्तर बहुधा सातबाऱ्यात सापडते. आजोबा वारून वीस वर्षे झाली तरी उतारा त्यांच्याच नावावर आहे, अशी खाती गावोगाव आढळतात. जमीन नातू कसतो; पण कागदोपत्री तो शेतकरी नाही. चार भावांचे सामाईक खाते असेल तर एकाच्या थकबाकीमुळे चौघांचे कर्ज अडते. बटाईने जमीन करणाऱ्याची स्थिती याहून बिकट आहे. कुळकायद्याच्या भीतीने मालक लेखी करार करीत नाही आणि लेखी पुरावा नसल्याने बँक कर्ज देत नाही. बाईच्या नावावर तर जमीन क्वचितच असते. वस्तुतः सातबाऱ्यावर पतीसोबत पत्नीचेही नाव लावण्याची मुभा देणारी 'लक्ष्मी मुक्ती' योजना राज्य शासनाने १९९२ मध्येच जाहीर केली आहे.

उशिराची किंमत

कागदांच्या अडचणीमुळे कर्ज नेहमीच नाकारले जाते असे नाही. पुष्कळदा ते उशिरा मिळते. उशिरा मिळालेले कर्ज काय भावाने पडते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

तीन एकर कपाशीसाठी एका शेतकऱ्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात ४०,००० रुपये हवे आहेत. बँकेचे कर्ज वेळेवर मिळाले आणि सात महिन्यांनी फेडले, तर ७ टक्के दराने व्याज सुमारे १,६३३ रुपये होते. मुदतीत फेडल्याच्या सवलती मिळाल्यावर तेही उरत नाही. बँकेचे प्रकरण ऑगस्टपर्यंत लांबले, तर पेरणी थांबत नाही. शेतकरी खासगी सावकाराकडून किंवा दुकानदाराच्या उधारीवर गरज भागवितो. दरमहा शेकडा तीन हा दर ऐकायला लहान वाटतो. परंतु तो वर्षाला ३६ टक्के होतो. त्या दराने सात महिन्यांचे व्याज ८,४०० रुपये होते. शिवाय उधारी ज्याची, त्यालाच कापूस घालावा लागतो आणि भावाची घासाघीस करण्याची सोय राहत नाही.

ऑगस्टमध्ये मंजूर झालेली रक्कम मग शेतात न जाता सावकाराची फेड करण्यात जाते. बँकेच्या दप्तरी कर्जवाटपाचे उद्दिष्ट पूर्ण झालेले दिसते; शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हंगामाचे कर्ज त्याला मिळालेलेच नसते. म्हणून पीककर्जाचे यश किती रक्कम वाटली यावरून मोजताना त्यापैकी किती रक्कम पेरणीपूर्वी पोहोचली, हेही पाहणे अगत्याचे आहे.

बचत गटाचा मार्ग

ज्यांच्याकडे दाखविण्यास सातबारा नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग १९९२ मध्ये खुला झाला. त्या वर्षी नाबार्डने देशातील ५०० स्वयंसहायता गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, आणि २०११ पासून 'उमेद' अभियानाने हे काम खेड्यापाड्यांत नेले. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरच्या 'चैतन्य' संस्थेने गटांचे संघ बांधण्याचा पायंडा पाडला. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे तर १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

गटाचे गणित साधे आहे. बारा स्त्रियांनी दरमहा शंभर रुपये जमा केले, तर वर्षाला १४,४०० रुपये होतात. त्यातून आळीपाळीने सभासदांनाच कर्ज दिले जाते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही ही पंचसूत्री सहा महिने पाळली की बँक गटाचे मूल्यमापन करून कर्ज देते. पूर्वीच्या निकषानुसार हे कर्ज बचतीच्या एक ते चारपट असे. गटात दरमहा शेकडा दोन व्याज आकारले तरी ते व्याज गटातच राहते आणि वर्षअखेर सभासदांचेच भांडवल वाढविते. सावकाराला दिलेल्या आणि गटाला दिलेल्या व्याजातील हा मूलभूत फरक होय. बाजारातून भाव करता येतो, आजारपणात दागिना मोडावा लागत नाही, हे त्याचे दैनंदिन लाभ आहेत.

बटाईदारांसाठी याच धर्तीवर चार ते दहा शेतकऱ्यांचे संयुक्त दायित्व गट करता येतात. तारणाऐवजी गटातील सभासद परस्परांची हमी घेतात. ही योजना गावपातळीवर अद्याप पुरेशी परिचित नाही.

आठवड्याचा हप्ता आणि हंगामाचे पीक

सूक्ष्म वित्तपुरवठ्याचा तिसरा प्रकार खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांचा आहे. त्याची प्रेरणा बांगलादेशातील. तेथे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा या गावी गरीब स्त्रियांना लहान कर्जे देण्याचा प्रयोग केला. १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक स्थापन झाली आणि २००६ मध्ये युनूस व त्यांची बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. विनातारण लहान रक्कम आणि आठवड्याला लहान हप्ता हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

ही पद्धत कोणाला मानवते, हे पाहण्यास दूर जावयास नको. छत्रपती संभाजीनगर शहराच्या उस्मानपुरा भागात शासकीय तंत्रनिकेतन, देवगिरी महाविद्यालय आणि संत एकनाथ रंगमंदिर यांच्यामुळे दिवसभर वर्दळ असते. तेथे हातगाडीवर फळे विकणाऱ्याच्या हाती रोज संध्याकाळी रोकड येते. आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता तो त्या रोकडीतून बाजूला काढू शकतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतील पहिले कर्ज १० हजार रुपयांचे होते. २०२५ मध्ये ते १५ हजार करण्यात आले. मासिक हप्त्यांचे असे कर्ज फेरीवाल्याच्या व्यवसायाला अनुरूप आहे.

त्याच शहरापासून काही कोसांवर असलेल्या गंगापूर तालुक्यातील कपाशीच्या शेतकऱ्याला हाच हप्ता जड जातो. समजा, त्याने जूनमध्ये ४०,००० रुपये घटत्या शिलकीवर वार्षिक २४ टक्के दराने, बारा मासिक हप्त्यांनी घेतले. हप्ता सुमारे ३,७८२ रुपये बसतो. जुलै ते ऑक्टोबर या चार हप्त्यांत, म्हणजे कापसाचे एक बोंडही विकण्यापूर्वी, त्याने १५,१०० रुपयांहून अधिक परत केलेले असतात. हा पैसा खतासाठी राखलेल्या रकमेतून येतो, मजुरीतून येतो, किंवा दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून येतो. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज घेतले की कुटुंब चक्रात सापडते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये असेच संकट उद्भवले आणि तेथील शासनाला वटहुकूम काढावा लागला.

या अनुभवानंतर नियम कडक झाले. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज होय. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. व्याज व शुल्क यांची माहिती कर्जदाराला लेखी द्यावी लागते. वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर त्रास देता येत नाही. व्याजदरावर मात्र आता ठरावीक कमाल मर्यादा नाही. म्हणून दर वाचता येणे महत्त्वाचे ठरते. दहा हजारांवर 'सरसकट १२ टक्के' व्याज लावून ११,२०० रुपये बारा समान हप्त्यांत घेतले, तर दरमहा मुद्दल कमी होत असल्याने खरा दर वर्षाला २१ टक्क्यांहून अधिक पडतो.

दुष्काळ, थकबाकी आणि सावकारी

मराठवाड्यात थकबाकीचा इतिहास हा दुष्काळाचाही इतिहास आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२, २०१४ आणि २०१५ या वर्षांनीही पिके नेली. पीक बुडाले की कर्ज थकते, कर्ज थकले की पुढच्या हंगामाचे कर्ज बंद होते आणि शेतकरी पुन्हा सावकाराकडे वळतो. २००८ ची केंद्राची, तसेच २०१७ व २०१९ ची राज्याची कर्जमाफी यांनी अनेकांची खाती मोकळी केली. परंतु खासगी सावकाराचे देणे या योजनांच्या कक्षेबाहेर होते आणि ज्याला बँकेने कधी कर्जच दिले नाही, त्याला माफीचाही लाभ झाला नाही.

थकबाकीदार होण्यापूर्वीच उपाय करता येतो. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी येऊन दुष्काळी सवलती जाहीर झाल्यास पीककर्जाचे पुनर्गठन होऊ शकते; परतफेडीला पुढील काही वर्षांचे हप्ते मिळतात आणि नव्या हंगामाच्या कर्जाची वाट मोकळी राहते. सावकारीच्या बाबतीत २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम शेतकऱ्याच्या बाजूने उभा आहे. त्याखालील अधिसूचनेनुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. चक्रवाढ व्याजाला बंदी आहे. अवैध सावकारीतून बळकावलेल्या जमिनीची चौकशी करून ती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कर्जाचा दर मुंबई-दिल्लीला ठरतो. ते कर्ज पेरणीपूर्वी मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी गावात आणि तालुक्यात ठरते.

ग्रामपंचायत सदस्यांनी मार्च-एप्रिलमध्येच मृत खातेदारांची यादी करून वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात. २०२५ मध्ये शासनाने हाती घेतलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेचा हेतू हाच आहे. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी फेरफार वेळेत निकाली काढल्यास एका नोंदीने एका कुटुंबाचा हंगाम वाचतो. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद झाली आहे ना, हे पाहण्यास गावातील तरुण मदत करू शकतात. सेवा संस्थेच्या सचिवांनी आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी मे महिन्यात गावातच कागदपत्रे स्वीकारण्याचा दिवस ठरवावा. ग्रामसभेत बटाईदारांच्या गटांची आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची माहिती द्यावी.

शिक्षकांचा वाटा कमी महत्त्वाचा नाही. सरळव्याजाचे उदाहरण फळ्यावर सोडविताना 'दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाला किती?' हा प्रश्न मुलांना घातला आणि बचत गटाच्या वहीतील बेरीज त्यांच्याकडून करून घेतली, तर तो हिशेब त्याच संध्याकाळी घरी पोहोचतो. १८७५ च्या शेतकऱ्याला आपण कोणत्या कागदावर अंगठा उठवितो हे वाचता येत नव्हते. आजचा कर्जदार सही करतो. त्या सहीच्या वर काय लिहिले आहे, हप्ता केव्हापासून सुरू होतो आणि तेव्हा आपल्या घरात पैसा असेल का, एवढे तीन प्रश्न त्याने सहीपूर्वी विचारावेत, इतपत तयारी प्रत्येक गावाला करून देता येण्यासारखी आहे.